कर्जतच्या निरीक्षणगृहातील मुलांची चौकशी आपण करू या
रायगडच्या किनाऱ्यावरील नागरिकांना जाहीर आवाहन

उरण, अलिबाग, मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन तालुक्यांतील बंधू-भगिनींनो,

तुमच्या गावातला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा एखाद्या गुन्ह्यात सापडला, तर त्याला पोलीस कोठडीत किंवा अलिबागच्या हिराकोटातल्या कारागृहात ठेवता येत नाही. कायद्यानेच तशी मनाई आहे. त्याला बाल न्याय मंडळापुढे हजर करतात आणि जामीन झाला नाही, तर निरीक्षणगृहात पाठवतात. आपल्या जिल्ह्यात निरीक्षणगृह कर्जतला आहे. जिल्हा एकच असला तरी श्रीवर्धनच्या आईला मुलाला भेटायचे तर एसटीने माणगाव, तिथून पेण, खोपोली आणि मग कर्जतची लोकल असा प्रवास करावा लागतो. त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. ज्या मुलाला भेटायला घरचे येऊ शकत नाहीत, त्याची विचारपूस कोण करते, हा माझा प्रश्न आहे.

कर्जतमध्ये काही वाईट चालले आहे असा आरोप मी करत नाही. तिथले अधीक्षक, परिविक्षा अधिकारी, काळजीवाहक मनापासून काम करत असतील, तर बाहेरच्या माणसाच्या येण्याने त्यांचेही बळ वाढेल. पण जिथे मुले कुलपाच्या आत राहतात, तिथे संस्थेने स्वतःच स्वतःला दिलेल्या प्रशस्तिपत्रकावर थांबणे बरोबर नाही. याच जिल्ह्याने, पनवेल तालुक्यातल्या कळंबोलीत, त्याची भयंकर किंमत मोजली आहे. तिथल्या एका आश्रमात बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींवर अत्याचार होत होते. त्यांतल्या काहींना ऐकू येत नव्हते, बोलता येत नव्हते. उच्च न्यायालयाने एका बातमीची स्वतःहून दखल घेऊन राज्यातल्या अशा संस्था तपासायला लावल्या, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या समितीने ते काम हाती घेतले आणि 2011 मध्ये हे प्रकरण उजेडात आले. 2013 मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने आश्रमचालकासह अनेकांना दोषी ठरवले. ते निरीक्षणगृह नव्हते, तिथल्या मुलींवर कसलाही आरोप नव्हता. तरीही बंद दाराआडचे सत्य बाहेर येण्यासाठी बाहेरची माणसेच आत जावी लागली.

मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगात डांबलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा 1986 मध्ये न्यायालयाने देशभरच्या जिल्हा न्यायाधीशांना सांगितले, की दंडाधिकाऱ्यांना तुरुंगांत पाठवा आणि आत किती मुले आहेत ते पाहा. एका पत्रकाराच्या चिकाटीतून हे घडले. आज आपल्याला इतकी मोठी लढाई लढायची नाही, कारण 2015 च्या बाल न्याय कायद्यात बरेच काही लिहिलेले आहे. बाल न्याय मंडळाने दर महिन्याला किमान एकदा अशा संस्थेला भेट द्यायची. तपासणी समितीने दर तीन महिन्यांनी जायचे. पथकात तिघे तरी हवेत, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी हवाच. भेटीनंतर आठवड्याच्या आत अहवाल द्यायचा आणि महिन्याच्या आत त्यावर कारवाई करायची. शिवाय स्वतंत्र व्यक्तींकडून किंवा संस्थांकडून मूल्यमापनाचीही तरतूद आहे.

यातले काय झाले आणि काय कागदावरच राहिले, हे गावाने विचारल्याशिवाय गावाला कळत नाही.

एका साध्या वस्तूकडे लक्ष वेधतो, ती म्हणजे तक्रारपेटी. नियम सांगतो, की ही पेटी कार्यालयापासून दूर, मुलांच्या झोपण्याच्या खोल्यांजवळ असावी. किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असावी आणि दर आठवड्याला मुलांच्याच समितीच्या सदस्यांसमोर पेटी उघडावी. हा नियम करणाऱ्याला मुलाचे मन कळले होते. अधीक्षकांच्या दाराशी टांगलेल्या पेटीत कोणता मुलगा त्यांच्याविरुद्ध चिठ्ठी टाकेल? ज्याला लिहिता येत नाही, त्याने काय करायचे? म्हणून तपासणीला जाणाऱ्याने पेटी कुठे आहे आणि शेवटची कधी उघडली, हे पाहावे. मग कर्मचारी जवळ नसताना मुलांशी बोलावे. रात्री दिवे गेल्यावर काय होते, मोठी मुले लहानांना त्रास देतात का, न्हाणीघराला कडी आहे का, वकील कधी भेटला, हे विचारावे. भिंतीच्या नव्या रंगावरून यातले काहीच कळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 1990 च्या नियमांत तर पूर्वसूचना न देता तपासणी करण्याची मुभा असावी, असे स्पष्ट म्हटले आहे.

आदिवासी वाड्यांतल्या मुलांची मला अधिक काळजी वाटते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. मुलगा मागे राहिला आणि एखाद्या प्रकरणात अडकला, तर जामिनाला उभे राहायला घरी माणूस नसतो. शाळेचा दाखला नाही, ग्रामपंचायतीत जन्मनोंद नाही, म्हणून वय ठरवण्यासाठी वैद्यकीय चाचणीपर्यंत जावे लागते. वय चुकीचे धरले गेले, तर तो मुलगा थेट मोठ्यांच्या तुरुंगात जातो. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत अटी पूर्ण झाल्या नाहीत, तर त्याला पुन्हा मंडळापुढे आणून अटी बदलण्याचा विचार व्हावा, असे कायदा म्हणतो. हे त्याच्या आईबापांना कोणी सांगितलेले असते का? 2024 मध्ये पुण्यातल्या मोटार अपघाताच्या गाजलेल्या प्रकरणात आरोपी मुलाच्या आत्याने उच्च न्यायालयात धाव घेतली आणि निरीक्षणगृहातली त्याची कोठडी बेकायदा ठरली. त्या प्रकरणाबद्दल मत काहीही असो, कायद्याने दिलेला तोच हक्क वाडीवरच्या मुलालाही आहे.

‘ज्याने दुसऱ्याच्या घरात दुःख आणले, त्याची एवढी काळजी कशाला?’ असे अनेकजण विचारतील. ज्यांचे नुकसान झाले त्यांना न्याय मिळालाच पाहिजे. पण निरीक्षणगृहातल्या मुलाची चौकशी अजून चालू असते, त्याचा दोष ठरलेला नसतो. आणि दोष ठरला, तरी त्याला मारहाण करण्याचा, उपाशी ठेवण्याचा अधिकार कोणालाच मिळत नाही. हा मुलगा उद्या आपल्याच गावात परत येणार आहे.

म्हणून माझी विनंती आहे. निवृत्त शिक्षक, डॉक्टर, वकील आणि समाजकार्य शिकलेल्या तरुणांनी अलिबागच्या जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे लेखी कळवावे, की तपासणीच्या आणि स्वतंत्र मूल्यमापनाच्या कामासाठी आम्ही वेळ देऊ. वकील मंडळींनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत या मुलांची प्रकरणे घ्यावीत. मुलांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्कच आहे. आशा सेविकांनी आणि बचत गटांनी घराघरांत जन्मनोंदी पूर्ण करून घ्याव्यात, कोणत्याही मुलाला मदत हवी असेल तर 1098 हा क्रमांक सांगावा. वाढदिवसाला फळे वाटायला जाऊन फोटो काढण्याने देखरेख होत नाही. मुलांचे चेहरे आणि नावे उघड करणे तर कायद्याने गुन्हा आहे, पत्रकार मित्रांनीही हे पाळावे.

आणि प्रत्येकाला करता येईल अशी एक गोष्ट आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा: गेल्या वर्षभरात कर्जतच्या निरीक्षणगृहाची तपासणी कोणत्या तारखांना झाली, पथकात कोण होते, अहवालात काय सुचवले आणि त्यावर काय केले? मुलांची नावे मागू नका, ती मिळणारही नाहीत. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. येत्या महिन्यात किनाऱ्यावरच्या प्रत्येक तालुक्यातून असा एक तरी अर्ज अलिबागला पोचू द्या आणि आलेले उत्तर आपल्या ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवा.