तारली नेली कुणी? हवामानाने की आपल्या जाळ्याने?



गेले पंधरा दिवस आपल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. पृथ्वी तापतेय हे सगळं थोतांड आहे, हवामान पूर्वीपासून बदलतच आलंय, माणसाचा त्यात काही हात नाही, असा त्याचा मजकूर. खाली भराभर अंगठे पडले. त्याच आठवड्यात जेटीवर बर्फ भरताना नेमकं उलटं ऐकलं. "तारली गेली ती हवामानामुळे. आमच्या जाळ्याचा काय संबंध?"

आता पुढच्या महिन्यात आपली सर्वसाधारण सभा आहे. दोन ठराव येणार आहेत. एक, प्रत्येक फेरीमागे थोडी रक्कम आपत्ती निधीत टाकायची. दुसरा, ट्रॉलच्या जाळ्याच्या टोकाला चौकोनी आसाची पिशवी लावायची, म्हणजे बारीक पिल्लं निसटतील. मेसेजवाल्यांचा पहिल्याला विरोध, जेटीवाल्यांचा दुसऱ्याला. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी एक कबूल करतो. शंका आम्हालाही होती. आम्ही बारावी शिकलेली माणसं, शास्त्रज्ञ नव्हे. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या अहवालात छापून आलं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होऊ शकतात. जानेवारी २०१० मध्ये त्याच समितीला चूक मान्य करावी लागली. आम्ही म्हटलं, बघा, एवढे मोठे लोक आणि असली चूक! मग यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

पण नंतर लक्षात आलं, ती चूक पकडली कुणी? हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनीच. आणि तारीख चुकली म्हणून हिमनद्या वितळायच्या थांबल्या नाहीत. वहीत बेरीज चुकली तर आपण ती खोडून दुरुस्त करतो, सोसायटी बंद करत नाही.

आता मेसेजमधले मुद्दे एकेक करून बघूया.

"हवामान पूर्वीही बदलायचं." शंभर टक्के खरं. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. म्हणजे जवळजवळ ६५ वाव! आज ट्रॉलर जिथे जाळं ओढतात त्यातला बराच भाग तेव्हा सुकी जमीन होती. तेव्हा कुठे मोटारी होत्या? नव्हत्याच. पण ते तापमान चार-पाच अंशांनी चढायला हजारो वर्षं लागली. आता सव्वा अंशाच्या आसपास वाढ दीडशे वर्षांत झाली. पूर्वी वणवे विजेने लागायचे, म्हणून आज काडी कुणी लावलीच नाही असं होत नाही.

"सूर्यच जास्त तापतोय." सूर्याची मोजणी उपग्रहावरून १९७८ पासून चालू आहे. त्यात वाढ दिसत नाही. शिवाय सूर्य कारण असता तर खालची हवा आणि वरची हवा दोन्ही तापल्या असत्या. प्रत्यक्षात खालची तापतेय आणि खूप उंचावरची थंड होतेय. गोधडी पांघरली की ऊब आत राहते, बाहेर येत नाही, तसंच.

"कार्बन डायऑक्साइड हवेत आहेच किती? ०.०४ टक्के." हेही खरं. पण डिझेलच्या टाकीत थोडं पाणी गेलं तर इंजिनाचं काय होतं ते आपल्याला सांगायला नको. प्रमाण थोडं म्हणून परिणाम थोडा, असं नसतं. हा वायू उष्णता अडवतो हे १८५९ साली जॉन टिंडल यांनी प्रयोगशाळेत मोजून दाखवलं. तेव्हा ना संयुक्त राष्ट्रं होती, ना कुणाचं अनुदान. कारखाने वाढण्याआधी हवेत दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता, आज ४२० च्या वर आहे. आणि हा वाढलेला कार्बन कोळसा-तेलातूनच आला हे ओळखता येतं, कारण जमिनीखालच्या इंधनातल्या कार्बनची ठेवण वेगळी असते. आपण नाही का, कल्ले बघून मासळी ताजी की चार दिवस बर्फातली ते सांगत?

शंका घेणाऱ्याने काय करावं याचं एक उदाहरण आम्हाला फार आवडलं. अमेरिकेत रिचर्ड म्युलर नावाचे भौतिकशास्त्रज्ञ. तापमानाच्या नोंदींवर त्यांचा विश्वास नव्हता. नुसते मेसेज पुढे ढकलत बसले नाहीत ते. स्वतः नोंदी गोळा करून नव्याने हिशेब मांडला. २०१२ मध्ये त्यांनी जाहीर सांगितलं की तापमान वाढलंय, आणि कारण जवळपास पूर्णपणे माणूस आहे. शंका असावी तर अशी.

मग शास्त्रज्ञांत वाद उरलाच नाही का? आहे की. कार्बन दुप्पट झाला तर तापमान नेमकं किती वाढेल, ढग कसे वागतील, आपला पाऊस कसा बदलेल, यावर वाद चालू आहे. २०२१ च्या अहवालात ती वाढ अडीच ते चार अंशांच्या दरम्यान धरली आहे. तफावत मोठी आहे. पण वाद "किती" याचा आहे. "आहे की नाही" आणि "कुणामुळे" यावर नाही.

आता आपल्या दर्याचं. २०१९ साली अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. क्यारच्या वेळी ऐन हंगामात होड्या बांधून बसलो होतो ते आठवतंय ना? आणि मे २०२१ चं तौक्ते? कुणी म्हणेल, १९०२ मध्येही पाच झाली होती. बरोबर. एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही, एका दिवसाच्या लिलावावरून हंगाम ठरत नाही तसं. म्हणून लांबचा हिशेब बघायचा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तो केला. १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्र तापला की वादळाला बळ मिळतं. म्हणून आपत्ती निधी हवा. दोरखंड तुटल्यावर बाजारात धावणारा तांडेल शहाणा म्हणत नाहीत.

आणि आता जेटीवाल्या मित्रांना. हवामान बदलतंय हे खरं, म्हणून आपण सुटलो असं समजू नका. २०२१ मध्ये केरळात तारली अवघी ३,२९७ टन मिळाली, जिथे एकेकाळी लाखांनी टन उतरायची. तापलेलं पाणी, एल निनो ही कारणं आहेतच. १९४० च्या दशकातही तारली अशीच रुसली होती, तेव्हा ट्रॉलर नव्हते. तारलीचा स्वभावच चढउताराचा. पण आधीच आजारी माणसाला उपाशी ठेवलं तर तो उठेल का? अंडी घालायच्या आधीच पिल्लं उचलली तर परत येणार कोण? ती पिल्लं जेवणाच्या ताटातही येत नाहीत, फिशमीलला जातात किलोमागे चार पैशांना. एलईडी लाइटच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली. तरी रात्री दर्यात उजेड दिसतो. तो काही चंद्राचा नाही, हे आपण सगळे जाणतो.

खरं सांगायचं तर दोन्ही बाजू सोयीच्या आहेत. "हवामान बदललंच नाही" म्हटलं की पैसे काढायला नकोत. "सगळं हवामानानेच केलं" म्हटलं की जाळं बदलायला नको. दोन्हीकडे आपण जबाबदारीतून मोकळे! पण दर्या कुणाच्या सोयीने चालत नाही.

जगातला धूर आपण होडीवाल्यांनी थोडाच सोडलाय? त्यात आपला वाटा किरकोळ. त्यासाठी मोठ्या देशांना, मोठ्या कारखान्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण जाब विचारणाऱ्याचं स्वतःचं जाळं साफ असावं लागतं.

सभेला जरूर या. ज्यांना हे पटत नाही त्यांनी तर आवर्जून या, समोर बोला. आम्ही चुकलो असू तर दाखवून द्या, वहीत दुरुस्ती करू. आणि येताना घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून या, त्यांच्या काळी मतलई वारा कधी सुटायचा, तारली कुठे लागायची, बांगडा कधी यायचा. संस्थेत आम्ही यंदापासून त्याची नोंदवही ठेवतोय. वीस वर्षांनी आपली पोरं भांडतील तेव्हा त्यांच्या हातात मेसेज नको, आपल्याच दर्याचा हिशेब असावा.



— सचिव, आपली संस्था