फुकट सॉफ्टवेअरचे पैसे कोण देते?

दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर घेताना आधी दर विचारला जातो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: ते बनवणाऱ्या कंपनीला पैसे कुठून मिळतात?

सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रॅक्टिस फ्यूजन कंपनीने छोट्या दवाखान्यांना रुग्णनोंदींचे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे फुकट दिले. खर्च जाहिरातींतून निघे. पुढे तिने ओपिऑइड वेदनाशामके बनवणाऱ्या एका कंपनीकडून सुमारे 10 लाख डॉलर घेतले आणि डॉक्टरांच्या पडद्यावर झळकणाऱ्या सूचना त्या औषधांच्या खपाला पोषक ठरतील अशा बेतल्या. डॉक्टरांना तो निखळ वैद्यकीय सल्ला वाटत होता. ओपिऑइडच्या अतिसेवनाने अमेरिकेत माणसे मरत होती, तेव्हाच हे चालले होते. जानेवारी 2020मध्ये प्रॅक्टिस फ्यूजनने 14.5 कोटी डॉलर देण्याचे मान्य करून प्रकरण मिटवले. रुग्णाच्या विश्वासाचा याहून मोठा घात कोणता?

पैशांइतकाच नोंदींच्या ताब्याचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. आपल्याकडे 2002च्या वैद्यक परिषद नियमांनुसार रुग्णाने मागितलेली नोंद 72 तासांत द्यावी लागते. त्यामुळे सॉफ्टवेअर बदलले तरी जुन्या नोंदी वापरण्याजोग्या स्वरूपात परत मिळतील, हे डॉक्टरांनी करारातच लिहून घ्यावे. औषधांच्या याद्या आणि सूचना कोणाच्या पैशाने तयार होतात, हेही थेट विचारावे. विक्रेता उत्तर टाळू लागला, तर ते सॉफ्टवेअर घेऊ नये.