उरलेल्या बाटलीची चिकित्सा

घरातील औषधांच्या खणात पडून राहिलेल्या अर्ध्या बाटलीविषयी या सदरात मी इतक्या वेळा लिहिले आहे की, पुन्हा लिहिल्यास संपादक मानधनाला कात्री लावतील अशी मला भीती वाटते. परंतु कस्तुरबा गांधी मार्गालगत राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी, मुलीच्या हॅमस्टरने दोन दिवस अन्न सोडले म्हणून, तिच्याच मागल्या खोकल्यातले उरलेले अमॉक्सिसिलिन ड्रॉपरने त्याच्या तोंडात घालण्याचा बेत या आठवड्यात मला मोठ्या अभिमानाने ऐकवला, आणि माझा निरुपाय झाला. सल्ला कोणाचा, असे विचारता उत्तर आले, "कोपऱ्यावरच्या केमिस्टचा. लहान मुलांना चालते, मग या एवढ्याशा जिवाला काय होणार, म्हणाला."

काय होणार, ते सांगतो. हॅमस्टरच्या आतड्यात नांदणारे उपकारक जंतू पेनिसिलिनच्या कुळापुढे टिकाव धरीत नाहीत. त्यांचा संहार झाला की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू मोकळ्या जागेवर बेकायदा कब्जा करतो, त्याच्या विषाने आतडे सुजून रक्तस्राव होतो, आणि ज्या प्राण्याने केवळ अन्न सोडले होते तो थोड्याच दिवसांत प्राणही सोडतो. मे १९४० मध्ये ऑक्सफर्ड येथे फ्लोरी यांनी पेनिसिलिनची कसोटी उंदरांवर घेतली आणि औषध दिलेले उंदीर वाचले. त्या दिवशी उंदरांच्या जागी हॅमस्टर असते, तर हे औषध विष म्हणून तेव्हाच दफ्तरदाखल झाले असते. केमिस्टच्या शास्त्रात मात्र लहान तेवढे सगळे सारखेच.

कस्तुरबा गांधी मार्गाला जुने टॅक्सीवाले अद्याप कर्झन रोडच म्हणतात, ते गाऱ्हाणे आज नको. पण ज्यांचे नाव त्याला दिले, त्यांच्या अखेरच्या दिवसांची आठवण या प्रसंगी टाळता येत नाही. (तुलना माणसाची व जनावराची नव्हे, औषधाकडे पाहण्याच्या दोन रीतींची आहे, हे संतप्त वाचकांनी पत्र लिहिण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.) फेब्रुवारी १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या कस्तुरबा अत्यवस्थ झाल्या, तेव्हा देवदास गांधींनी, म्हणजे ज्या 'हिंदुस्थान टाइम्स'ची इमारत आज याच रस्त्यावर उभी आहे त्याच्या तत्कालीन संपादकांनी, त्या काळी अतिदुर्मिळ असलेले पेनिसिलिन विमानाने आणवले; आणि ते काही तासांच्या अंतराने पुनःपुन्हा टोचावे लागणार असे कळल्यावर, अखेरच्या घटकांत बांना हा क्लेश नको, असे गांधीजींनी मुलाला सांगितले. २२ फेब्रुवारीस बा गेल्या. हा निर्णय मला आजही सर्वस्वी पटलेला नाही. परंतु त्या कैदखान्यात औषध कसे द्यायचे, किती वेळा द्यायचे आणि रोग्याला ते सोसेल काय, याची रुजुवात तरी झाली. आज त्याच कुळातले औषध फ्रिजच्या दारात लोणच्याच्या बरणीशेजारी पडून असते, आणि बाप, मुलगी व केमिस्ट या त्रिसदस्य समितीला यांपैकी एकही प्रश्न सुचत नाही. वेष्टनावरची लाल रेघ शोभेसाठी छापतात, असाच समज दिसतो. चिठ्ठी मागणारा केमिस्ट या शहरात कोणी दाखवल्यास त्याचा मी जाहीर सत्कार करीन.

हॅमस्टरपुरते बोलायचे, तर अन्न सोडणे हा स्वतंत्र रोग नव्हे, आतल्या बिघाडाची ती वर्दी आहे. शेपटीखालचा भाग ओला व घाण झाला असेल, तर अतिसाराने तो एकदोन दिवसांतही दगावतो, आणि तेथे प्रतिजैविक लागलेच तर कोणते, हे पशुवैद्यच ठरवील. दिल्लीच्या जानेवारीत रात्री बाल्कनीत ठेवलेला हॅमस्टर गारठून निश्चेष्ट पडतो आणि मेला म्हणून पुरलाही जातो. आमच्या गृहस्थांच्या हॅमस्टरचे दुखणे दातांचे निघाले: पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजले नाहीत तर वळून हिरडीत रुततात, आणि मग तो बिचारा दाण्याजवळ येतो, हुंगतो, हनुवटी लाळेने भिजवून परततो. (दात पिवळे दिसतात ते निसर्गतःच, त्यावर औषध शोधू नये.) लहान प्राणी पाहणाऱ्या एका पशुवैद्याने दात कापले, आणि संध्याकाळी स्वारीने भिजवलेले ओट्स खाल्ले.

हे दोन दिवसांपूर्वीच कळायला हवे होते. पण त्याआधी वाटी रोज रिकामी होत होती, म्हणून घरचे निर्धास्त होते. हॅमस्टर दाणे गालाच्या पिशवीत भरून कोठारात नेतो, त्यामुळे रिकामी वाटी हा जेवल्याचा दाखला होत नाही. भुसा उपसला तेव्हा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात मूठभर सूर्यफुलाच्या बिया सालासकट निघाल्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्यातून एकदा त्याला तोलून वजन लिहून ठेवावे. सव्वाशे ग्रॅमच्या जिवाचे बारा ग्रॅम घटले, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.

— दिल्लीकर