वादळाचे पाप वकिलांच्या माथी

फ्लोरिडात घरविम्याचे हप्ते कडाडले की दोष न्यायालयात जाणाऱ्या विमाधारकाला दिला जातो. आकडा हाताशी असतोच: २०१९ मध्ये अमेरिकेतील घरविम्याच्या भरपाई-अर्जांपैकी सुमारे ८ टक्के फ्लोरिडातले, खटले मात्र ७६ टक्के. आकडा खरा, त्यावरून रचलेला इतिहास खोटा.

कंपनी खटला हरली तर विमाधारकाच्या वकिलाचे शुल्क तिने भरावे, या तेथील तरतुदीचे मूळ १८९३ चे आहे. हप्ते तिच्यामुळेच भडकले म्हणावे, तर तो परिणाम दिसायला शतक का लागले? २४ ऑगस्ट १९९२ रोजी ‘अँड्र्यू’ चक्रीवादळ आदळले आणि ११ विमा कंपन्या बुडाल्या. त्यांना वकिलांनी नव्हे, वाऱ्याने बुडवले. आणि किनाऱ्यावर दाटत गेलेल्या घरांची जोखीम स्वस्तात पत्करणाऱ्या त्यांच्याच हिशेबाने. मोठ्या कंपन्यांनी मग अंग काढून घेतले, आणि त्यांच्या जागी तुटपुंज्या भांडवलाच्या, पुनर्विम्यावर तगणाऱ्या कंपन्या आल्या.

छपराच्या दुरुस्तीआडून खटल्यांचा धंदा मांडणारे ठेकेदार होतेच. विमाधारकाचे हक्क त्यांच्या नावे लिहून देण्याची वाट डिसेंबर २०२२ मध्ये विधिमंडळाने बंद केली, ते योग्यच. पण त्याच कायद्याने, ‘इअन’ वादळाला तीन महिने होत नाहीत तोच, ते जुने संरक्षणही घरविम्यातून काढून टाकले. आता कंपनीने भरपाई नाकारली, तर छप्पर उडालेल्या माणसाने खटला जिंकूनही वकिलाचे पैसे स्वतःच मोजायचे.