फोटोत मोळी दिसते, कापसाची पट्टी दिसत नाही

दसरा-दिवाळी सरली की बीड, नगरकडच्या ऊसतोड टोळ्या आपल्या शिरूर-दौंड भागात उतरतात. न्हावऱ्याच्या घोडगंगेला, पाटसच्या भीमेला वर्षानुवर्षे अशाच टोळ्यांनी ऊस तोडून घातला. निमोण्याच्या रस्त्याने संसार लादून जाणारा ट्रॅक्टर कोणी पाहिला नाही? हंगाम आला की वर्तमानपत्रांतही तो येतो. मोळीखाली वाकलेली बाई, कोपीपुढचे उघडे पोर आणि खाली एक ओळ : पोटासाठी वणवण.

फोटो खोटा नाही, अर्धा आहे. त्या बाईची गावाकडे बहुधा दोन-चार एकर कोरडवाहू असते. कापूस आणि ज्वारी पिकवूनही खर्च निघाला नाही, म्हणून नवरा-बायकोने मिळून एक 'कोयता' होऊन मुकादमाची उचल घेतली. ही उचल फोटोत येत नाही. मार्च २०१२ मध्ये केंद्राने कापसाची निर्यात एकाएकी बंद केली, तसले हुकूम तर नाहीच नाही. मग शहरातल्या वाचणाऱ्याला वाटते, पाऊसच पडला नाही, त्याला कोण काय करणार! तो जुने कपडे पाठवतो. भाव वाढवून द्या, असे म्हणत नाही. उलट ज्वारी रुपयाने चढली की तोच महागाईची ओरड करतो.

परप्रांतीय मजुराचेही हेच. रांजणगावच्या कारखान्यांत येणारा बिहार-उत्तर प्रदेशचा पोरगाही बऱ्याचदा शेतकऱ्याच्याच घरचा. पण रेल्वेचा खचाखच भरलेला डबा छापायचा आणि वर लिहायचे 'लोंढे'. लोंढा म्हटला की बांध घालणे आलेच. २००८ साली मुंबई, पुणे, नाशकात अशा मजुरांना मारहाण झाली. पुढे ८ मे २०२० ला करमाडजवळ रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. मध्य प्रदेशातली माणसे, टाळेबंदीत जालन्याहून पायी निघालेली. रुळावर विखुरलेल्या भाकऱ्यांचा फोटो देशभर फिरला, सगळे हळहळले. एकदा भीती, एकदा दया. माणूस मात्र एकाच जातकुळीचा, आणि त्याने गाव का सोडले हे दोन्ही वेळा विचारले गेले नाही.

आमचे सांगणे एवढेच. या हंगामात वार्ताहर फडावर आला तर त्याला हाकलू नका. कोपी दाखवा, मोळीही दाखवा. पण फोटोला उभे राहताना गेल्या सालची कापसाची पट्टी हातात धरा, बी-खताची बिले धरा. आणि फोटोखाली काय ओळ लिहिणार, ते त्याला तिथेच विचारून घ्या.