ते बघतात सगळं

बडोद्याच्या अलकापुरीतल्या ज्या रस्त्याला आर. सी. दत्त यांचं नाव आहे, त्याच रस्त्यावर बँक ऑफ बडोदाचं मुख्य कार्यालय आहे. रमेशचंद्र दत्त म्हणजे इंग्रजी अमलातल्या हिंदुस्थानचा आर्थिक इतिहास लिहिणारे विद्वान आणि बडोद्याचे दिवाण. १९०९ साली ते इथेच वारले. त्याच्या आदल्याच वर्षी, २० जुलै १९०८ रोजी, सयाजीराव महाराजांच्या पुढाकाराने मांडवीत ही बँक सुरू झाली. पुढे १९१३ ते १९१७ या काळात देशातल्या कितीतरी बँका बुडाल्या, ही तगली. पैशाचा विचार चारचौघांत, हिशेब मांडून करायचा हे या गावाला एका मराठी राजाने शिकवलं. आपल्या मराठी घरांत मात्र पैशाचा विषय निघाला की आवाज खाली जातो.

याला कारण आहे. इथली बरीच घरं नोकरीवर उभी राहिली. आधी संस्थानची, मग रेल्वे, युनिव्हर्सिटी, बँक, रिफायनरी. पहिल्या तारखेला पगार आणि पुष्कळांना निवृत्तीनंतर पेन्शन. नवरा गेला तर बायकोला फॅमिली पेन्शन. तेव्हा न बोलणं परवडत होतं, वर त्याला संस्कार म्हणायची सोय होती. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नव्या भरतीला जुनी पेन्शन बंद झाली, खासगी नोकरीत तर ती बहुतेकांना नव्हतीच. पेन्शन गेली, संकोच तेवढा राहिला.

मंडळातल्या एका काकूंचे यजमान गेले, तेव्हा त्यांच्याबरोबर बँकेत जाण्याचा योग आला. सराफाच्या लाल पिशवीत पासबुकं होती, त्यांतली दोन वर्षानुवर्षं न छापलेली. मुदत ठेवीच्या पावतीवर नॉमिनी म्हणून सासूबाईंचं नाव. त्या तर कधीच्या गेलेल्या. काउंटरवरची मुलगी नम्रपणे म्हणाली, ‘माजी, पेढीनामुं लाववुं पडशे.’ पेढीनामुं म्हणजे वंशावळ. मग वारसांची सगळी कागदपत्रं, फेऱ्या. काकू वैतागल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘ते बघतात सगळं, असं मी सांगत आले हो सगळ्यांना.’

हे एका घरापुरतं नाही. दहा वर्षं कुणी विचारलं नाही की बँकेतली ठेव रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. मार्च २०२४ अखेर त्या निधीत ७८ हजार कोटींवर रक्कम होती. ती बुडत नाही, बँकेकडे मागता येते, शोधायला ‘उद्गम’ नावाचं पोर्टलही आहे. पण मागायला आधी ठाऊक तर हवं! १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे वारसांपर्यंत पोचवणारा विश्वस्त, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. भावाभावांत त्यावरून अबोला धरलेला आपण पाहतोच.

मुलं वेगळी आहेत असं समजू नका. बाप ठेवी लपवतो, मुलगा तोटा. सेबीच्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या किरकोळ गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. त्यांतल्या किती जणांनी तो घरी सांगितला असेल? रागवायला नको, विचारायला हवं होतं. पण विचारायची सवयच नाही.

लक्ष्मीपूजनाला शेजारच्या पटेलांकडे चोपडे पुजले जातात. आपण लक्ष्मीच्या तसबिरीपुढे नाणी मांडतो, वही मांडत नाही, कारण घरात वहीच नसते. निदान यंदा फराळ झाल्यावर दोघांनी, मुलं मोठी असतील तर त्यांनाही घेऊन, तासभर बसावं: खाती कुठे, विमा कोणाचा, कर्ज किती, नॉमिनी कोण. पहिल्यांदा अवघडल्यासारखं होईल. बायकोला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, असंही निघेल. भिशीचा हिशेब तिने कधी चुकवलेला नाही.

त्यासाठी या अंकाची शेवटची चार पानं रकाने आखून कोरी ठेवली आहेत. ती भरून झाल्यावर कापून कपाटात ठेवावीत. पिन आणि पासवर्ड तेवढे लिहू नका, आणि पानं कापण्याआधी अंक शेजारी वाचायला देऊ नका.