‘सॉरी’ म्हटले की संपले?

मागच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत सातवीतल्या दोन मुलांना वर्गप्रमुखाने माझ्यापुढे आणून उभे केले. एकाने दुसऱ्याच्या चित्रकलेच्या वहीवर रंगाचे पाणी सांडले होते. ज्याची वही तो रडत होता. ज्याने सांडले तो म्हणाला, "बाई, मी सॉरी म्हणालो ना!" आवाजात चक्क तक्रार होती. आपला हिशेब आपण चुकता केला आहे आणि हा मुलगा उगीच रडतो आहे, असा त्याचा भाव. आणि खरे सांगायचे तर, इतक्या वर्षांच्या सवयीने माझ्याही तोंडून निघून गेले, "तो सॉरी म्हणाला ना? मग पूस डोळे आणि जा वर्गात."

घरी गेल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून या अंकात या एका शब्दाविषयी लिहिते आहे. इंग्रजी शब्दांना हाकलून लावा असे सांगणारा हा लेख नाही. बसमध्ये कोणाच्या पायावर पाय पडला तर ‘सॉरी’सारखा सोयीचा शब्द नाही. प्रश्न आहे तो त्यापेक्षा मोठ्या चुकांचा.

‘सॉरी’चे मूळ पाहिले की गंमत वाटते. जुन्या इंग्रजीत ‘सार’ म्हणजे दुखणे, ठणका. त्यावरून ‘सारिग’, म्हणजे ज्याला दुखते आहे तो. आपला घसा दुखू लागला की डॉक्टर ‘सोअर थ्रोट’ म्हणतात, त्यातला ‘सोअर’ आणि हा ‘सॉरी’ एकाच घरातले. जर्मन भाषेत ‘खूप’ या अर्थी ‘झेअर’ म्हणतात, तोही मुळात याच दुखण्यातून आलेला. आपण नाही का ‘भयंकर आवडले’ म्हणत, तसेच. ‘सॉरो’ म्हणजे दुःख, हा शब्द मात्र वेगळ्या मुळाचा आहे. दोघे दिसायला आणि अर्थाला जवळचे, म्हणून त्याच्या संगतीने ‘सॉरी’चा उच्चार बदलत गेला एवढेच.

म्हणजे ‘आय अ‍ॅम सॉरी’ याचा मूळ अर्थ ‘मला दुखते आहे’. त्यात चूक कोणाची याबद्दल एक अक्षरही नाही. म्हणूनच इंग्रज माणूस कोणाच्या घरी मृत्यू झाला की ‘सॉरी’ म्हणतो, ऐकू आले नाही की ‘सॉरी?’ म्हणतो, आणि मोडकळीला आलेल्या घराची अवस्थाही ‘सॉरी’च असते. आपण यातला एकच अर्थ उचलला. आमच्या नववीतल्या एका मुलाचे आजोबा गेले, तेव्हा इंग्रजी सिनेमे पाहणारा त्याचा मित्र त्याला गंभीरपणे ‘सॉरी’ म्हणाला. तो बिचारा म्हणतो, "तू कशाला सॉरी? तू काय केलंस?"

त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. शब्दात कबुली नाही हे पुढे कायद्यानेही मान्य केले आहे. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2006 मध्ये आणि ओंटारियोने 2009 मध्ये असा कायदा केला की, अपघातानंतर किंवा एखाद्या नुकसानीनंतर कोणी ‘सॉरी’ म्हणाले, तर दिवाणी दाव्यात तेवढ्यावरून त्याने दोष कबूल केला असे धरायचे नाही. माणसांनी न घाबरता सहानुभूती दाखवावी हा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण आपण मुलांना जो शब्द ‘चूक कबूल कर’ म्हणून शिकवतो, त्या शब्दात कबुली धरू नका असे तिकडचा कायदा सांगतो, हे ध्यानात ठेवावे.

आता आपल्याकडे या. मराठीत या कामाला एक शब्द नाही, चार-पाच आहेत, आणि प्रत्येकाचा रोख निराळा. ‘दिलगीर’ हा फारसी. दिल म्हणजे मन, आणि ते ज्याचे धरले गेले आहे, म्हणजे जो खिन्न आहे, तो. हा ‘सॉरी’चा सख्खा भाऊच, यातही फक्त बोलणाऱ्याचे दुखणे आहे. ‘भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो’ हे वाक्य पुढाऱ्यांना इतके का आवडते, ते यावरून कळावे. ‘माफ’ अरबीतून आलेला, सूट दिलेला या अर्थाचा. फी माफ, कर्ज माफ, सारा माफ. हा हिशेबाच्या वहीतला शब्द आहे. ज्याचे येणे आहे तोच माफ करू शकतो, आणि नाही म्हणण्याचा हक्कही त्याचाच. ‘क्षमस्व’ ही संस्कृतातली विनंती, पण ती आता रस्ता खणलेल्या ठिकाणच्या पाटीवरच जास्त दिसते. आणि मग ‘माझं चुकलं’. यात ना दुखणे, ना विनंती. काय झाले आणि कोणाकडून झाले, एवढेच.

आपल्या वडोदऱ्यात आणखी एक शब्द ऐकू येतो. संवत्सरीच्या दिवशी दांडिया बाजारातल्या आमच्या जैन शेजारीणबाई दारात येऊन हात जोडतात आणि म्हणतात, ‘मिच्छामि दुक्कडम्’. शब्द प्राकृत आहेत. माझे दुष्कृत्य मिथ्या होवो, असा अर्थ. पहिली काही वर्षे मी हसून ‘अहो, तुम्ही काय केलंत माझं?’ म्हणत असे. आता म्हणत नाही. दुष्कृत्य हा शब्द त्या स्वतःहून तोंडाने उच्चारतात, हे मला मोठे वाटते.

मराठी आपोआप प्रामाणिक असते असे मात्र कोणी समजू नये. काच फुटते, पाणी सांडते, पुस्तक फाटते, डबा हरवतो. आमच्या शाळेत कोणी काच फोडल्याचे मी आजवर ऐकलेले नाही! पळवाट हवी असेल तर आपल्या क्रियापदांत ती तयारच आहे. ‘माझं चुकलं’ यातही थोडी आहेच; ‘मी चुकलो’ म्हणायला जीभ जास्त जड होते.

हे मला कसे कळले तेही सांगते. काही वर्षांपूर्वी मी सहावीची वर्गशिक्षिका होते. सहलीचे पैसे गोळा केले होते, त्यातले पाचशे रुपये कमी भरले. सुट्टीत वर्गात एकटी बसलेली एक मुलगी होती. मी तिला सगळ्यांसमोर उभे केले, दप्तर उघडायला लावले. पैसे सापडले नाहीत, तरी ‘खरं सांग’ असे दोनदा म्हटले. तिसऱ्या दिवशी ती नोट माझ्याच हजेरीपुस्तकाच्या वेष्टनात निघाली. मी तिला जिन्यात गाठले, पाठीवर हात ठेवला आणि म्हटले, "सॉरी हं बाळा." ती मान हलवून गेली. मला वाटले, संपले.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. रागावलेले नव्हते. म्हणाले, "बाई, दप्तर वर्गात उघडलंत, आणि सॉरी जिन्यात म्हणालात. वर्गाला अजून माहीत नाही."

त्या दिवशी चौथ्या तासाला मी वर्गापुढे उभी राहिले आणि म्हणाले, "पैसे माझ्याच पुस्तकात होते. मी हिच्यावर खोटा आळ घेतला. मी चुकले." चाळीस मुलांसमोर हे बोलताना पाय कापत होते. ती मुलगी वर पाहत नव्हती. तास संपल्यावर तिने मला काही म्हटले नाही, मीही तिला माफ केलेस का असे विचारले नाही. ते विचारण्याचा मला हक्क नव्हता. पण त्यानंतर ती पुन्हा पहिल्या बाकावर बसू लागली.

शब्द तोच, पण कुठे, कोणासमोर आणि कशाबद्दल म्हटला यावर त्याचे वजन ठरते. ऑस्ट्रेलियाने तर या एका शब्दावर दहा वर्षांहून अधिक काळ वाद घातला. तिथल्या मूळच्या आदिवासींची मुले विसाव्या शतकात कित्येक दशके सरकारी धोरणाने आईबापांपासून तोडून संस्थांत आणि गोऱ्यांच्या घरी ठेवली गेली. 1997 मध्ये त्याचा चौकशी अहवाल आला आणि सरकारने माफी मागावी अशी मागणी झाली. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी 1999 मध्ये संसदेत ठराव आणला, त्यात मनापासून खेद होता, पण ‘सॉरी’ नव्हते. लोकांनी हा फरक सोडला नाही. 2000 मध्ये सिडनीच्या बंदरावरच्या पुलावरून लाखो माणसे चालत गेली, तेव्हा वर आकाशात विमानाने धुराने तोच एक शब्द लिहिला होता. अखेर 13 फेब्रुवारी 2008 रोजी नवे पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत तो उच्चारला. कोणाबद्दल आणि कोणत्या कायद्यांबद्दल, हे सांगून उच्चारला, आणि ज्यांना लहानपणी असे तोडून नेले होते त्यांच्यातले लोक समोर बसलेले होते.

जालियनवाला बागेबाबत ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी 2019 मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी, तीव्र खेद व्यक्त केला. माफी मागितली नाही. शब्द निवडताना मोठी माणसे किती जपून असतात ते पाहा. आणि आपण पाच वर्षांच्या मुलाला सांगतो, सॉरी म्हण आणि पळ.

म्हणून माझे म्हणणे असे. भांडणानंतर मुलाकडून दंडुक्याच्या जोरावर ‘सॉरी’ वदवून घेणे आपण शिक्षकांनी बंद करावे. त्याऐवजी त्याने काय केले ते त्याच्याच तोंडून, कर्त्यासकट वाक्यात यावे: ‘मी तुझ्या वहीवर पाणी सांडलं.’ मग भरपाई काय करणार ते. आणि समोरच्या मुलाला ‘आता माफ कर बघू’ म्हणून ढकलू नये. त्याला दोन दिवस लागले तर लागू द्यावेत. काही सहकाऱ्यांना हे वेळखाऊ वाटते, आणि ते खरेही आहे. मधली सुट्टी वीस मिनिटांची असते. पण त्या सातवीतल्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले. वाक्य पूर्ण करायला त्याला बराच वेळ लागला. मध्येच ‘सांडलं गेलं’ असे करून पाहिले. शेवटी ‘मी सांडलं’ आले, आणि दोघे मिळून ओल्या वहीची पाने सुटी करत बसले. तीन चित्रे गेली ती गेलीच.

बालवाडीच्या भिंतीवर ‘जादूचे शब्द’ असा तक्ता आहे: प्लीज, थँक यू, सॉरी. तो काढावा असे मी म्हणत नाही, पण त्याखाली ‘मी चुकलो, मी चुकले’ ही ओळ लिहावी असा विषय मी पुढच्या शिक्षक-पालक सभेत मांडणार आहे. पालकांनी आपले मत, विरोधी असले तरी, सभेआधी कार्यालयात चिठ्ठीने कळवावे.